बँडवाल्या पोरांनो, व्ह्यूज विकत घेऊ नका!

(पोस्ट मोठी आहे. विरारला लोकलमध्ये चढलात तर अंधेरी यायच्या आत वाचून होईल. बसायला जागा मिळाली तर, अर्थात.)

गेल्या आठवड्यात एका पोराचा फोन आला. वसई पश्चिमेच्या गावातला आहे. नाव लिहीत नाही. तो स्वतःच म्हणाला, "काका, नाव नको, आधीच घरी शिव्या खातोय."

चार जणांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम आणि हा गाणारा. बँड म्हटलं की आपल्याकडे अजून लग्नातला ब्रास बँडच डोळ्यासमोर येतो आणि त्यात काही चूक नाही. या पोराचा बाप लग्नांच्या सीझनला ट्रम्पेटच वाजवायचा, घरात सूर होते ते तिथून. पण पोरांनी स्वतःचं गाणं लिहिलं, अर्धं मराठीत, अर्धं कादोडीत. मी ऐकलंय. ओळखीतला आहे म्हणून नव्हे, खरंच चांगलं आहे.

रेकॉर्डिंग, मिक्सिंग, व्हिडिओ मिळून चाळीसेक हजार गेले. त्यावर 'डिजिटल प्रमोशन' करणाऱ्या एकाने १८,००० मागितले. हमी काय, तर महिन्याभरात यूट्यूबवर एक लाख व्ह्यूज आणि एका म्युझिक ॲपवर पन्नास हजार प्ले. पोरांनी दिले. कोणी बाइकच्या हप्त्यातले, कोणी आईकडून मागून.

आता पुढचं ऐका. एक लाख व्ह्यूज आले. खरोखर आले, १ लाख ४ हजार. कमेंट्स अकरा. त्यातल्या नऊ मावश्यांच्या आणि चुलतभावांच्या. त्या आकड्याच्या जोरावर पोरांनी हॉल घेतला, तिकीट लावलं १५० रुपये, खुर्च्या मांडल्या दोनशे. माणसं आली चाळीस.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. तिसऱ्या आठवड्यात ईमेल आला. गाण्याचे प्ले खोटे असल्याचं आढळलं, सबब गाणं ॲपवरून काढून टाकलंय. प्रमोशनवाल्याचा फोन तेव्हापासून 'नॉट रीचेबल'.

पोरगा मला विचारत होता, "काका, बातमी लावता येईल का?"

बातमी लावता येईल. पण बातमी एका भामट्याची लागेल आणि प्रश्न एका भामट्याचा नाहीये. म्हणून ही पोस्ट.

व्ह्यूज म्हणजे श्रोते नव्हेत

आधी हे समजून घ्या की विकत घेतलेले व्ह्यूज येतात कुठून. कुठेतरी मोबाइलची रांग लावलेली असते किंवा नुसता प्रोग्रॅम असतो. तो व्हिडिओ उघडतो, काही सेकंद थांबतो, निघून जातो. त्याला कादोडी कळत नाही, ना मराठी कळत. तो तुमच्या शोला येणार नाही, तुमचं दुसरं गाणं शोधणार नाही, मैत्रिणीला पाठवणार नाही.

बरं, तो नुसता निरुपयोगी असता तर १८,००० पाण्यात गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण तो नुकसान करतो. यूट्यूब असो की इन्स्टाग्राम, ही यंत्रणा बघते काय? माणूस किती वेळ थांबला, परत आला का, पुढे पाठवलं का. लाखभर जण उघडून लगेच पळाले की यंत्रणेने काय समजायचं? की हे गाणं लोकांना आवडत नाही. म्हणजे स्वतःच्या गाण्याची बदनामी तुम्ही पैसे देऊन करून घेतली.

म्युझिक ॲपवर तर हा सरळ गुन्ह्यासारखा प्रकार धरतात. स्पॉटिफायने २०२४ पासून उघड खोटे प्ले सापडले तर गाणं पोहोचवणाऱ्या कंपनीला दर गाण्यामागे दंड लावायचा नियम केलाय. त्या कंपन्या तो दंड स्वतःच्या खिशातून भरत नाहीत, कलाकाराच्या गळ्यात घालतात किंवा गाणंच काढून टाकतात. भामटा मोकळा आणि शिक्षा गाणाऱ्याला.

एक फरक मात्र नीट लक्षात घ्या. पैसे देऊन जाहिरात करणं वेगळं आणि आकडे विकत घेणं वेगळं. यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांची स्वतःची जाहिरातीची सोय आहे. तिथे तुम्ही गाव निवडू शकता, वय निवडू शकता. शो वसईत असेल तर पाचशे रुपये टाकून ती जाहिरात वसई-विरारच्याच माणसांना दाखवा. त्यात लाखाची हमी नसते आणि म्हणूनच ते खरं असतं. जो आकड्याची हमी देतो, तो चोर आहे, एवढी एक ओळ पाठ करा.

"काका, संजू राठोड बघा ना!"

हे मला हमखास ऐकवलं जातं. जळगाव जिल्ह्यातला पोरगा, २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आलं आणि रील्सवर सगळीकडे तेच. किंवा क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी' घ्या. मराठी हाउस म्युझिक आणि ते स्पिनिन रेकॉर्ड्ससारख्या नेदरलँड्सच्या नामांकित कंपनीने काढलं. अभिमानच आहे. कोण म्हणतं नाही?

पण राव, लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दुकानात लावतात, न लागलेल्यांचे लावत नाहीत. आणि ही लॉटरी पण नाही. संजू राठोड 'गुलाबी साडी'च्या आधी काही वर्षं गाणी करतच होता. तेव्हा त्याच्यावर कोणी वेबिनार घेत नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्याच लाइनीवरचं. किंग्ज युनायटेड, ही नालासोपारा-वसई पट्ट्यातली पोरं, २०१९ मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकून आली. त्याच्या पुढच्याच वर्षी व्ही अनबीटेबलने 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'ची चॅम्पियन्स स्पर्धा मारली. त्यांचे व्हिडिओ जगभर फिरले, पण ते फिरले कशामुळे? आधी वर्षानुवर्षं अंग मोडेस्तोवर सराव केला, मग व्हिडिओ फिरला. आपण उलटं करायला निघालोय. गाणं एक आणि रील पन्नास.

आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ते दुसऱ्यासारखे दिसायला गेले नाहीत. मुंबईतल्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या पोरांनी आरेतल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. वारली माणसाचा आवाज, वारली माणसाचं म्हणणं. वारल्यांचा जिल्हा आपला आणि ते गाणं मुंबईतून आलं! आपल्याकडे कादोडी आहे, वाडवळी आहे, आगरी, कोळी, वारली आहे. एवढी संपत्ती दुसऱ्या कुठल्या शहरात एका रिक्षाच्या अंतरावर मिळेल? आणि आमची पोरं पंजाबी उच्चारात हिंदी गातात, का तर 'ते चालतं'.

सही करताय? थांबा.

भामट्यांचा दुसरा प्रकार जास्त सभ्य असतो. तो पैसे मागत नाही. उलट म्हणतो, "माझ्या चॅनलवर टाकतो, माझे तीन लाख सबस्क्रायबर आहेत." पोरं हुरळून जातात. मग एक कागद येतो, पोरं न वाचता सही करतात. सहा महिन्यांनी स्वतःच्या चॅनलवर स्वतःचंच गाणं टाकायला गेले की कॉपीराइटचा दावा येतो. असे तीन बँड मला माहीत आहेत, तिघंही आपल्याच तालुक्यातले.

मी वकील नाही. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला वकील लागत नाही. त्यातलं मोजकं सांगतो.

गाण्याचा हक्क तयार व्हायला नोंदणीची गरज नाही. शब्द लिहिले त्या क्षणी ते लिहिणाऱ्याचे, चाल बांधली ती बांधणाऱ्याची. हा हक्क तुमच्या मरणानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे नातवापर्यंत जातो, चहाच्या टपरीवर सही करून देऊन टाकायची ही वस्तू नव्हे.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून तर हुशार माणूस कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण जगात' हे दोन शब्द घालतोच. ते दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

आणि २०१२ ची दुरुस्ती. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकार-संगीतकारांची बाजू लावून धरली होती, ती हीच. गाणं विकून टाकलं तरी रॉयल्टीतला लेखकाचा आणि संगीतकाराचा समान वाटा कोणाला लिहून देता येत नाही. वारसाला देता येतो किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. ही सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासून आहे. स्वतःची गाणी असतील तर तिचे सभासद व्हा. किती बँडवाल्यांना हे माहीत आहे? मी आठ जणांना विचारलं. एकाला माहीत होतं आणि तो बँकेत नोकरी करतो.

मग करायचं काय?

नुसती टीका करून मोकळं व्हायचं नसतं, म्हणून जे बघितलंय, विचारून घेतलंय, ते लिहितो.

१. गाणं ॲपवर पोहोचवणाऱ्या कंपनीत खातं स्वतःच्या नावाने काढा. स्टुडिओवाल्याच्या, भावोजींच्या, 'मॅनेजर'च्या नावाने नको. काही कंपन्या वर्षाची फी घेतात, काही कमाईतला वाटा. दोन्ही वाचून मग ठरवा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी म्हणून एक क्रमांक मिळतो, गाण्याचं आधार कार्डच समजा. तो वहीत लिहून ठेवा.

२. घाई करू नका. गाणं आज तयार झालं म्हणून उद्या टाकायचं नसतं. स्पॉटिफायवर कलाकारांसाठीच्या खात्यातून संपादकांना गाणं आधी ऐकायला पाठवता येतं, फुकट. प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर तुमच्या फॉलोअर्सच्या यादीत ते आपोआप जातं. मी म्हणतो तीन आठवडे ठेवा. संपादकांच्या यादीत जागा पैशाने मिळत नाही. "मी आत बसवून देतो" म्हणणारा कोण, ते वर सांगितलंय.

३. बँडमधल्या चौघांत आधीच लेखी ठरवा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती. गाणं चाललं नाही तर भांडण होत नाही, चाललं की होतं.

४. गाण्याचं नाव, शब्द, वाजवणाऱ्यांची नावं यूट्यूबवर खाली देवनागरीत लिहा. बोलीतलं गाणं असेल तर शब्दांचा अर्थही लिहा. कॅनडात, आखातात बसलेला वसईकर तुमचं गाणं शोधतो तेव्हा तो आपल्या गावाच्या नावानेच शोधतो.

५. नंबर गोळा करा. व्ह्यूज नाही, नंबर! चाळीस माणसं शोला आली होती ना? त्या चाळिसांचे नंबर घेतले का? नाही घेतले. तीच तर खरी कमाई होती. विचारून, परवानगीने घ्या आणि महिन्याला एकच मेसेज टाका. रोज सुप्रभात टाकलात तर ब्लॉक व्हाल.

६. सगळी मूळ रेकॉर्डिंग्ज दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा.

हा सहावा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, पण तोच सगळ्यात मोठा. मायस्पेस नावाची साइट होती, जगभरचे बँड तिथे गाणी टाकायचे. २०१९ मध्ये त्यांनी सांगून टाकलं, सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतची गाणी गेली. कोट्यवधी गाणी! टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये एका रात्रीत बंद झालं, पालघर जिल्ह्यातल्या कित्येक पोरापोरींचे फॉलोअर्स त्या रात्री शून्य झाले. रेसो २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेलं, त्याच वर्षी विंकही बंद झालं. ही सगळी भाड्याची घरं आहेत. मालक कधी बाहेर काढेल सांगता येत नाही. नालासोपाऱ्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

हिशेब करा ना

अमेरिकेतल्या केव्हिन केली यांनी २००८ मध्ये एक लेख लिहिला होता. हजार पक्के चाहते असले तर कलाकाराचं पोट भरू शकतं, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेचं गणित आपल्याला जसंच्या तसं लागू नाही, मान्य. पण आपलं गणित करून बघू.

स्पॉटिफायने २०२४ पासून ठरवलंय की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नाहीत, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. लहान बँडवर हा अन्यायच आहे, माझं स्पष्ट मत आहे. पण हजार प्ले म्हणजे किती? दिवसाला तीन पण नाहीत. आणि वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांच्या वर होती, आता तर विचारूच नका. या शहरात तुमचं गाणं ऐकणारे तीनशे पक्के लोक मिळणार नाहीत? तीनशे माणसांनी वर्षाला तीनशे रुपये दिले, तिकीट म्हणा, टीशर्ट म्हणा, क्यूआर कोडवर म्हणा, तर ९०,००० होतात. पुढच्या दोन गाण्यांचा खर्च निघतो. विकत घेतलेल्या एक लाख व्ह्यूजमधून किती निघाले? उणे १८,०००.

आता आपली पाळी

पोरांना खूप बोललो. आता जे बोलायचंय ते आपल्याला, म्हणजे मला आणि तुम्हाला.

आधी मला. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा शिकवलं होतं, बातमी आणि जाहिरात यांत रेघ असते. या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर सांगतो, ती रेघ आम्ही कधीच पुसली. पाचेक वर्षांपूर्वी असाच एक बँड माझ्याकडे आला होता, पहिल्या अल्बमची बातमी घेऊन. मी त्यांना म्हणालो, "बातमी लावू, पण छोटी जाहिरात द्या." त्यांनी २,००० दिले. मी गाणं न ऐकता बातमी लिहिली. 'तरुणाईच्या हृदयाचा ठाव घेणारा अल्बम' असं काहीतरी. तो बँड आता नाही. १८,००० घेणाऱ्याला मी भामटा म्हणतोय, तर माझा भाव फक्त कमी होता. लाज वाटते, म्हणून लिहून टाकतोय. यापुढे इथल्या कुठल्याही बँडचं नवं गाणं मी ऐकेन आणि लिहीन. आवडलं तर तसं, नाही आवडलं तर तसं. पैसे लागणार नाहीत.

मग नगरसेवक, आमदार, इच्छुक आणि भावी. तुमच्या वाढदिवसाच्या डीजेला लाखभर रुपये असतात आणि पोरांच्या बँडला 'स्टेज देतो, अजून काय पाहिजे?' स्टेजने पेट्रोल भरत नाही. महापालिकेची सभागृहं आठवड्यातल्या एखाद्या रिकाम्या संध्याकाळी स्थानिक बँडला नाममात्र भाड्यात द्या, एवढी एकच मागणी आहे. रस्त्याच्या खड्ड्यांपेक्षा हे काम सोपं आहे.

आणि तुम्ही, वाचक. कोणाचं गाणं आवडलं की तुम्ही काय करता? डाउनलोड करून ती फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फॉरवर्ड करता. प्रेमानेच करता. पण त्या फाइलचा एकही प्ले त्या पोरांच्या खात्यात मोजला जात नाही. फाइल नका पाठवू, लिंक पाठवा. एवढं केलंत तरी उपकार होतील. लग्नात ब्रास बँडला आपण सुपारी देतो, बेंजोवाल्यांना देतो, कॅटरिंगवाल्याला तर विचारतो पण नाही, सरळ देतो. मग स्वतःचं गाणं वाजवणाऱ्या पोराला "अरे, मित्रच आहेस ना, दोन गाणी म्हण" कशासाठी?

हे सगळं का लिहितोय? त्या पोराने फोन ठेवताना जे सांगितलं, त्यामुळे. तो म्हणाला, "आज्जीने ते गाणं रोज ऐकायला लावलं होतं, तिच्या बोलीतलं पहिल्यांदाच मोबाइलवर वाजत होतं. आता ती विचारते, कुठे गेलं?" बाकीचे तिघं म्हणतायत, पुढचं हिंदीत करू, नाहीतर बंद करू.

मी त्याला सांगितलंय, गाणं तुझं आहे, रेकॉर्डिंग तुझ्याकडे आहे, नवीन खातं तुझ्या नावाने काढ, परत टाक. आणि शो परत ठेव. दोनशे खुर्च्या नको, साठच मांड. तिकीट १५० च ठेव.

त्याने हो म्हटलंय. शो ठरला की तारीख इथेच टाकतो. माझं तिकीट मी काढणार, पत्रकार म्हणून पास घेणार नाही. तुमचं तुम्ही काढा.

आणि व्ह्यूज विकणाऱ्या कोणाचा नंबर तुमच्याकडे असेल, तर पोरांना देऊ नका. मला द्या.

(पटलं तर शेअर करा. कॉपी-पेस्ट केलंत तरी चालेल. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे.)